बांधापलीकडचं पाचट

ग्रामसभा झाली त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचं घर आमच्याच गल्लीत, आणि रानाला रान लागून, मध्ये फक्त एक बांध. वरवंडच्या आत, कालव्याच्या चारीवर आमचं गाव आहे. मी गावातल्याच हायस्कूलला विज्ञान शिकवते. आप्पांची नात तेव्हा नववीत, माझ्याच वर्गात होती. घरी ती मला काकू म्हणायची आणि शाळेत मॅडम. ही दोन्ही नाती तिनं कधी एकमेकांत मिसळली नव्हती.

सगळ्याची सुरुवात शिरूरला झाली. हवामान बदलावर शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं आणि मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं. शिरूर माझं माहेर, आईकडे दोन दिवस राहायला मिळेल या हिशेबानं मीही हो म्हटलं. तिथं प्रत्येकानं आपल्या गावाबद्दल सांगायचं होतं. शिक्रापूरच्या एका शिक्षिकेनं सांगितलं, की तिच्या वर्गातली पोरं कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि एप्रिलमध्ये शाळा सुटली तरी घरी जायला तयार नसतात, व्हरांड्यातच बसून राहतात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे ऊस. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, ऊस तुटून गेल्यावर रानात जे पाचट उरतं त्याचं काय करता? पेटवतो, मी म्हणाले. त्यात काही सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंही नव्हतं. आमच्याकडे सगळेच पेटवतात. मग त्या धुरातून काय वर जातं, जमिनीतलं काय जळतं, ओल कशी उडते, हे त्या सांगत राहिल्या आणि मी वहीत उतरवून घेत राहिले. परतताना न्हावऱ्यामार्गे एसटीनं आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं होती. आयुष्यभर याच रस्त्यानं येत-जात होते.

वर्गात हे सांगितलं तर पोरांनी मलाच धरलं. पाचट ठेवलं तर उंदीर होतात. तुटल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा फुटत नाही. पाणी पुढं सरकत नाही. शेतकऱ्यांचीच पोरं ती, त्यांचं काही खोटं नव्हतं. मी म्हटलं, आपण बघूच. एका रानात पाचट ठेवू, एक जाळलेलं रान घेऊ, दोन्हीकडे मातीत तापमापी लावू आणि दुपारच्या सुट्टीत जाऊन बघू.

पाचट ठेवायला रान आमचंच द्यावं लागणार होतं. नवरा कुरकुंभला कंपनीत, शिफ्टमध्ये. शेती माझे दीर बघतात. भाऊजी सरळ नाही म्हणाले नाहीत, पण बुडखे छाटायचं आणि पाचट सरीत ओढायचं काम तुम्हीच करा म्हणाले. मी आणि माझ्या जावेनं सुट्टीच्या दिवसांत बायका लावून ते केलं. पाचट कुजवायचे जिवाणू आणून शिंपडले. जाऊ वैतागली होती, हात पाचटानं चिरले होते, तरी मध्येच सोडून गेली नाही.

आमचं ते रान आप्पांच्या उभ्या उसाला लागून होतं. आप्पांचं दुसरं एक रान रस्त्यापलीकडे होतं, आधीच तुटलेलं आणि जाळलेलं. त्यात तापमापी लावायची परवानगी त्यांच्या नातीनंच आजोबांकडून काढली. ते हसून हो म्हणाले होते, असं ती सांगत आली. पुढं महिनाभर पोरं भर दुपारी दोन्ही रानांत जात होती. आकडे सोडा, जळालेल्या रानातल्या मातीवर हात ठेववत नव्हता आणि आमच्या पाचटाखाली बोट घातलं तर माती ओली लागायची. पोरं त्यानं खूश झाली. मीही झाले.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत पोरांनी हे मांडावं, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. बोलायला आप्पांची नातच पुढं आली, कारण तीच सगळ्यांत धीट. तिचं भाषण मी तपासून दिलं होतं. पण ऐनवेळी तिनं एक वाक्य आपल्या मनानं घातलं. तापलेल्या रानाकडं बोट करून दाखवावं तसं ती म्हणाली, हे रान माझ्या आजोबांचं आहे. मागून कुणीतरी बोललं, "आप्पा, रान लई तापलंय म्हणं तुमचं." सगळी सभा हसली. आप्पा कित्येक वर्षं सोसायटीचे चेअरमन राहिलेले. त्यांनी टोपी सारखी केली, उठले आणि निघून गेले. पोरगी अजून वाचतच होती. आवाज खाली गेला, पण तिनं शेवटपर्यंत वाचलं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, पण माझ्याकडं बघेना. तापमापीच्या कामाला तिचं नाव नको, असा घरून निरोप होता. संध्याकाळी मी डोक्यावर पदर घेऊन आप्पांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, चुकून झालं, तुमच्या रानाबद्दल बोलायचं नव्हतं.

"मग कुणाच्या रानाबद्दल बोलायचं होतं?" ते म्हणाले. "माझीच नात उभी केली आन् माझ्यावरच गाव हसवलं. तुम्ही शिकल्याल्या हाय. तुम्हाला कळायला पाहिजे होतं."

काकींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, चहा आणला. आप्पा बसा म्हणाले नव्हते, त्यामुळे मी उभ्यानंच प्यायले आणि कप आत नेऊन ठेवला. स्वयंपाकघरात पोरगी भाकरी थापत होती. मागं वळून बघितलं नाही तिनं.

फेब्रुवारीच्या शेवटी आप्पांचा बांधाकडचा ऊस तुटला. ऊसतोडीची टोळी मराठवाड्यातली होती आणि तिच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आमच्याच रानाच्या खालच्या टोकाला, चारीच्या कडेला होत्या. दरवर्षी तिथंच असतात, पाणी जवळ पडतं म्हणून. आता बांधाच्या त्या बाजूला आप्पांचं ताजं पाचट आणि या बाजूला आमचं. आमच्यात खोडवा गुडघ्याएवढा आला होता, सरीत ओल होती, पण पाचटाचा वरचा थर कागदासारखा वाळलेला.

भाऊजी त्या दिवसापासून अस्वस्थ झाले. आप्पा पेटवणार हे नक्की होतं. भाऊजींनी एका पाहुण्यामार्फत विचारून पाहिलं, पेटवायचं असलं तर आधी सांगा, आम्ही पाणी धरून ठेवतो. आप्पांचा निरोप आला, माझं रान, माझं पाचट. मग भाऊजी मला म्हणाले, आपणच बांधालगतचा पट्टा जाळून मोकळा करू. एकदा मोकळा झाला की आग यायला जागाच राहणार नाही.

मी नको म्हटलं. गावासमोर पोरं उभी केली आणि आता आपणच काडी लावायची? भाऊजी चिडले. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही नाही चढवला, पण जेवता जेवता ताट सरकवून उठले. "वहिनी, शाळा तुमची हाय. रान पेटलं तर ते शाळंत न्हाई पेटणार," एवढं म्हणाले. पट्टा हातानं ओढून मोकळा करू असं मी म्हटलं, आणि रविवारी करायचं ठरलं. माणसं मिळाली नाहीत. पुढच्या रविवारवर गेलं.

त्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिताना खिडकीबाहेर बघायचे. शाळेतून आमचं शिवार दिसतं, झाडांच्या वर आभाळ दिसतं. आभाळ स्वच्छ दिसलं की पुढचं वाक्य लिहायचे. दुपारचं वारं रोज वाढत होतं. शेतीला लाईट रात्रीची होती, म्हणजे दिवसा मोटार चालणार नाही. या गोष्टी मी मनात एकापुढं एक मांडायचे आणि पुन्हा मोडायचे.

मधली सुट्टी संपून तास सुरू झाला होता. दारात आप्पांची नात आली. ती जेवायला घरी गेली होती. धापा टाकत होती, पायात चप्पल नव्हती. सगळ्या वर्गासमोर तिनं हाक मारली.

"काकू, आजोबांनी पेटवलंय. वारं तुमच्याकडं हाय."

मी तिला मागं बसवून स्कूटर काढली. वाटेतच जावेला फोन केला. भाऊजी वरवंडला पाइपांच्या दुकानात होते, त्यांना जावेनं कळवलं. ओढा ओलांडला तेव्हा धूर दिसला, खाली तपकिरी आणि वर पांढरा. धुराच्या कडेनं बगळे फिरत होते, पळणारे किडे टिपायला. नात माझ्या खांद्याला घट्ट धरून बसली होती आणि एकच सांगत होती, मी त्यांना सांगितलं होतं, वारं बघा म्हणून सांगितलं होतं.

आम्ही पोचलो तोवर आग बांध ओलांडून आली होती. पाचटाची आग उंच नसते, पण ती चालते. सरीवरून सरीवर जाताना तडतडते आणि मध्येच वाऱ्याची झुळूक आली की एकदम धावते. आप्पा बांधावर एकटेच होते. कडुनिंबाची फांदी घेऊन आमच्या बाजूची आग झोडपत होते. टोपी कुठं पडली होती. मला बघून ते थांबले नाहीत. मीही फांदी मोडली आणि झोडपायला लागले. जाऊ ओली पोती घेऊन आली, शेजारच्या रानातली माणसं आली. एकीकडं विझवावं तर दुसरीकडं पुन्हा पेटायचं. ठिबकच्या नळ्या वितळून त्याचा काळा वास नाकात बसला होता.

मग आप्पा एकदम सरळ उभे राहिले आणि खालच्या टोकाकडं बघायला लागले.

"कोप्या," ते म्हणाले. "कोपीत म्हातारी हाय."

टोळी दुसऱ्या शिवारात तोडायला गेली होती, पोरंबाळं बरोबर घेऊन. मुकादमाची आई तापानं पडून होती, म्हणून तिला मागं ठेवलं होतं. सकाळी चारीवर आप्पांनी मुकादमाकडून ते ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि तरी काडी लावली होती, कारण आग बांध ओलांडेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. हे मला पुढं कळलं. त्या वेळी मी फक्त त्यांच्या मागं पळाले. सत्तरीच्या पुढचा माणूस ढेकळांतून इतका पळेल असं कधी वाटलं नसतं.

वाढ्यांच्या कोप्या त्या, उसाच्याच शेंड्यांच्या. कडेच्या कोपीच्या छपराला ठिणगी लागलेली होती. आप्पा आत वाकले. मी दारात पोचले तेव्हा आतून खोकल्याचा आवाज येत होता आणि छपराचा एक भाग खाली लोंबत होता. आप्पांनी ते पेटतं छप्पर दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढून टाकलं, मग म्हातारीला गोधडीसकट उचललं. मी पायाकडून धरलं. तिचं वजन काहीच नव्हतं. आम्ही तिला चारीच्या पलीकडं नेऊन आंब्याखाली ठेवलं. ती डोळे उघडून आमच्याकडं बघत होती, विचारत होती की आपण कुठं चाललोय.

मागं वळून बघितलं तर नात टोळीच्या मागं राहिलेल्या बैलांची दावी खुंट्यावरून सोडत होती. बैल बिथरले होते, तिला ओढत होते. तिनं दावं हातातून सोडलं नाही. आप्पांनी तिला हाक मारली, दोनदा, तिला ऐकू गेलं नाही. ते तिच्याकडं जायला निघाले. तोवर तिनं बैल चारीत उतरवले होते.

भाऊजी फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला लावून आले. टाकी भरून आणली होती. चारीच्या रस्त्यावर आग थांबली, आमचं रान आणि सगळ्या कोप्या संपवून.

आप्पांच्या हातांची कातडी तळव्यापासून सुटली होती. शेजारच्यांची जीप काढली. त्यांचा मुलगा पुण्याला होता, काकींना भोवळ आली होती, म्हणून मागच्या सीटवर आप्पांबरोबर मी बसले. त्यांचे हात माझ्या ओल्या पदरात होते. हायवेला ट्रकांची रांग लागली होती. जीप दौंडला पोचली. दवाखान्याच्या दारात त्यांनी विचारलं, "म्हातारी जगंल न्हवं?" जगेल, मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. ती जगली. ताप उतरायला आठवडा गेला.

आग विझली, पण गावातली धग त्यानंतर वाढली. टोळीच्या बायका उघड्यावर बसल्या होत्या, पीठ-मीठ, कपडे, पोरांच्या चादरी सगळं गेलेलं. गावानं त्यांना शाळेच्या जुन्या खोलीत जागा दिली, घराघरांतून धान्य गेलं. मुकादम कुणाला काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यानं माणसांना जास्त लाज वाटत होती. भाऊजींना पोलिसांत तक्रार द्यायची होती. नवराही फोनवर तेच म्हणत होता. दुसरीकडं गावात बोललं जात होतं, की मॅडमनं पाचट ठेवलं म्हणून आग कोप्यांपर्यंत गेली. जाळून मोकळं केलं असतं तर बांधावरच विझली असती. पाणवठ्यावर बायका मला बघून विषय बदलायच्या.

वाईट हे होतं की ते बोलणं अर्धं खरं होतं. आप्पांनी काडी लावली नसती तर आग लागली नसती. आमचं पाचट नसतं तर ती चालत कोप्यांपर्यंत गेली नसती. शिरूरच्या प्रशिक्षणात कुणी हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सगळं शिवार जाळतं तिथं मधलं एकच रान न जाळता ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. आप्पा आले, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. भाऊजींनी आपलं म्हणणं मांडलं. आप्पांच्या भावकीतल्या एकानं माझ्यावर ठपका ठेवला. आवाज चढले. आप्पांनी पट्टीतला हात वर केला.

"काडी मी लावली," ते म्हणाले. "त्यात दुसऱ्याचं नाव घेऊ नका. म्हातारी आत हाय हे मला म्हाईत होतं."

माझ्यावर ठपका ठेवणारा खाली बसला. मग सरपंचांनी माझ्याकडं बघितलं. मला तक्रारीबद्दल विचारत होते. आदल्या रात्रीपर्यंत माझं मन तक्रारीकडंच झुकलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, आमचं पाचट आम्ही यापुढंही ठेवणार. पण बांधालगतचा पट्टा आम्ही ओढून मोकळा करू, तो आमच्याकडून राहिला होता. ज्यांना जाळायचं आहे त्यांनी आदल्या दिवशी सांगावं, सकाळी वारं पडलेलं असताना पेटवावं. आम्ही पाणी घेऊन बांधावर उभे राहू. आणि कोप्या रानात नकोत.

भाऊजींनी मान फिरवली. घरी आल्यावर म्हणाले, म्हंजी आता आपण त्यांना जाळायला मदत करायची? मला तरी दुसरं काय सुचत होतं. तक्रार मात्र त्यांनी दिली नाही.

पुढच्या हंगामात टोळीच्या कोप्या आप्पांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत पडल्या. बोअरचं पाणी तिथं त्यांनी स्वतःच जोडून दिलं. चारीवरच्या आणखी काही घरांनी पाचट ठेवलं, बाकीच्यांनी जाळलं. आप्पांची नात दहावीत गेली होती. तिनं आपलं आपण तापमापीचं काम पुन्हा घेतलं, घरी विचारलं का हे मी विचारलं नाही.

आप्पांचा ऊस तुटला, आणि एका संध्याकाळी नात निरोप घेऊन आली. आजोबा उद्या सकाळी पेटवणार आहेत, खालचं अर्धं. वरचं, आमच्या बांधाकडचं, तसंच ठेवणार आहेत. का, ते तिला माहीत नव्हतं.

सकाळी आम्ही बांधावर गेलो. ब्लोअरची टाकी भरलेली, भाऊजी ट्रॅक्टरवर बसून, तोंड आंबट करून. जाऊ आणि मी ओली पोती घेऊन उभ्या. आप्पांच्या हातांवर गुलाबी चट्टे राहिले होते आणि बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून काडी नातीला ओढायला सांगितली. तिनं माझ्याकडं बघितलं. वर्षभर मी तिला जे शिकवलं होतं ते सगळं आमच्या दोघींच्या मध्ये उभं होतं. मी मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. ती क्षणभर थांबली आणि तिनं काडीपेटी आजोबांच्या हातात परत दिली.

आप्पांनी ती घेतली. वाकड्या बोटांनी त्यांनी काडी ओढायचा प्रयत्न केला, पहिली मोडली, दुसरी पेटली. धूर सरळ वर गेला. माझ्या हातातलं पोतं मी इतकं घट्ट पिळून धरलं होतं की त्यातलं पाणी साडीवर गळत होतं. ज्वाळा दोन्ही अर्ध्यांच्या मधे ओढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यापर्यंत आल्या, तिथं खायला काही नव्हतं, आणि बसल्या.

नंतर आम्ही तो सगळा पट्टा फिरून बघितला. पुढं आप्पा, मागं मी. कुठं बुडख्यात निखारा दिसला की ते थांबून पायानं दाखवायचे आणि मी त्यावर पोतं पिळायचे.